विहिरीपासून मांडवापर्यंत

३ जानेवारी
निधी येऊन गेली — मनाला कधी उधाण, कधी ओहोटी आणणारा बायपोलर आजार घराण्यांतून कसा उतरतो, त्यावर संशोधन करणारी मुलगी. आम्हा सगळ्यांचं रक्त नेलं. माझी शीर सापडेना! "काका, वाडीला एवढं पाणी घालता, स्वतः कधी पिणार?"
कागदावर आमचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजार असेल तर काळा. माझ्या नातीचा, डायनाचा गोल काळा केला. माझ्या भावाचा, आग्नेलचा चौकोनही काळा. मग त्यावर तिरकी रेघ — गेलेल्या माणसाची खूण. आमच्याच बावखलात, वाडीतल्या तळ्यात बुडाला तो.
"म्हणजे रक्तातच आहे?" मी विचारलं.
"एकच एक जनुक नसतं, काका. शेकडो असतात, बारीक बारीक. ती असूनही माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो."
जरा जिवात जीव आला. मग तिने विचारलं, जाण्याआधी आग्नेलकाका कसे होते? मी खरं ते सांगितलं — फार आनंदात होता. पोरगी लिहिता लिहिता थांबली.

६ जानेवारी
डायनाचं लग्न पंचवीसला. आदल्या संध्याकाळी नवरीने विहिरीवर तांब्या काठोकाठ भरायचा आणि दोन्ही हातांत धरून मांडवापर्यंत आणायचा — आमच्या घरची रीत. डायनाचे हात तर वर्षभर बारीक थरथरतायत. सूनबाई ग्रेसी, डायनाची आई, पुटपुटली, "सांडलं की अख्ख्या पापडी गावात चर्चा!" पोरीने ऐकलं.

१२ जानेवारी
हात थांबले! अंगणात तालीम केली, थेंब सांडला नाही. ग्रेसीने घरातल्या आलतारावर, येशूसमोर मेणबत्ती लावली. मीही डोळे पुसले.

१४ जानेवारी
मी उठायच्या आत डायनाने सगळी वाडी झाडून काढलेली. सारखी गाते. नवऱ्या मुलाला, डेन्झिलला फोनवर म्हणाली, "एक बँड कशाला? तीन आणू!" सगळे हसलो.
मग मला म्हणते, "आजोबा, मला आता झोप लागतच नाही. आणि गरजही नाही!"
मी चहाचा कप खाली ठेवला. आग्नेल असंच म्हणाला होता. वाडीही झाडली होती त्याने.

१५ जानेवारी
आज तिच्या मागे मागेच होतो. बावखलाच्या काठावर उभी राहिली. "पाणी किती मऊ दिसतंय ना!" मी मुद्दाम बादली आपटली.
घरी येऊन निधीला फोन. हात थांबल्याची आनंदाची बातमी आधी दिली. ती म्हणाली, "काका, ती थरथर या आजारावरच्या लिथियमच्या गोळीची असते. तिने बहुतेक गोळ्या सोडल्यात. आजच डॉक्टरांकडे न्या."
आणि आम्ही मेणबत्ती लावली!

१६ जानेवारी
गोळी पुन्हा सुरू. काल डॉक्टरांसमोर डायना रडली — "मम्मीची मान खाली जायला नको म्हणून सोडल्या." ग्रेसीने तिथेच तिला जवळ घेतलं.
डेन्झिल धावत आला. "सांडू दे की! मी फडकं घेऊन मागे चालतो." गुणाचा पोर.
डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडायला दिवस जातील, नजर ठेवा. बावखलाकडची वाट नारळीच्या झापांनी बंद केली.

२० जानेवारी
अजून गाते. हात दगडासारखे स्थिर.

२२ जानेवारी
गाणं बंद. डायनावर लक्ष ठेवायचं, ओसरीवरून हलायचं नाही, असं ग्रेसीने मला बजावलंय. मी कुठे हलतोय!

२४ जानेवारी
पाणी सांडलं. विहिरीपासून मांडवापर्यंत ओली रेघ! बायका कुजबुजायला लागल्या, तशी ग्रेसी बँडवाल्यांवर ओरडली, "थांबलात काय? वाजवा!"