दोन टॉवरांमधला मंद वारा

२४ फेब्रुवारी, अस्ताना. सकाळी ९.
आजपासून नियमित लिहायचे. आमच्या दोन टॉवरांमधल्या चौकात चालणाऱ्यांना वाऱ्याचा किती त्रास होतो, हे मोजायचे काम साहेबांनी, म्हणजे तुर्सिन आगांनी, मला दिले. नकाशा करायचा. निवांत बसता येईल तिथे हिरवा रंग, चालता येईल तिथे पिवळा, तेही जमणार नाही तिथे लाल. हिरव्या जागी वसंतातल्या नौरूजच्या सणाला कंपनीचा यर्ट, म्हणजे लोकरी नमद्याचा गोल तंबू, उभारणार. यर्ट उभा राहिला तर तू पर्मनंट, नाहीतर कारागंडाला मामाच्या गाड्या धू, असे आगा म्हणाले.
पर्मनंट झालो असे आईला फोनवर सांगून टाकले. चार आठवड्यांचाच प्रश्न.

२६ फेब्रुवारी.
बारा जागा, रोज तीन वेळा. वारा मोजायचे यंत्र छातीच्या उंचीवर, हात ताठ. सकाळचे मोजमाप राहिले. वारा इतका होता की यंत्र हातात ठरेना. दुपारी शांत झाल्यावर घेतले. उत्तम आकडे.

१ मार्च.
नियम केला: उभे राहता येत नसेल तेव्हा मोजायचे नाही. थरथरत्या हाताने घेतलेला आकडा शास्त्रीय नसतो. पॉलिटेक्निकची दोन वर्षे वाया गेलेली नाहीत.

५ मार्च.
ऑफिसात कोट ठेवायच्या खिडकीवर बसणाऱ्या बातिमा आपांनी विनाकारण लक्ष घातले. म्हणाल्या, पोरा, दुसऱ्या टॉवरच्या कोपऱ्यावरून येणाऱ्या बायकांची टोपी हातात असते, डोक्यावर नसते. तिथं कुत्रंसुद्धा तंगडी वर करत नाही, तोल जातो त्याचा.
नोंद केली: तोंडी माहिती, आकडा नाही.

९ मार्च. दुपारी.
इंजिनीअर गौहरने माझी वही चाळली. इतके रकाने कोरे का, असे विचारले. कोरे रकाने सरासरीत धरत नाहीत, हे मी समजावले. तिने वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली. बहुधा छाप पडली.

१२ मार्च.
नकाशा पूर्ण. सगळा चौक हिरवा! सर्वांत हिरवा दुसऱ्या टॉवरचा कोपरा. तिथे मला चारच वेळा पोचता आले, पण चारही वेळा वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. अहवाल एकतीस पाने, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आगांनी मुखपृष्ठ वाचले आणि शाबास म्हणाले.

१९ मार्च.
यर्ट बांधणारे तीन भाऊ गावाहून आले. थोरल्याने बोट चाटून हवेत धरले, टॉवरकडे वर पाहिले, मग माझ्याकडे. जागा कुणी ठरवली, असे त्याने विचारले. मी नकाशा दाखवला. तो म्हणाला, देखणा आहे, सुनेला दाखवतो, गालिच्यावर काढील. मग सांगाडा उभारताना त्याने छताच्या शेंड्यावरच्या लाकडी कड्यातून एक जाड दोर आत सोडला. कशाला, असे मी विचारले. तुला कळेल, म्हणाला.
अशा लोकांना आकड्यांची भीती वाटते.

२१ मार्च. सकाळी १०.
यर्ट उभा. हवा स्थिर. आईला फोटो पाठवला. आगांनी पाठीवर थाप मारली. यंत्र घरीच ठेवले, आता गरज नाही.

२२ मार्च. दुपारी ३.
यर्टच्या आतून लिहितो आहे. अक्षर नीट येत नाही.
बारा वाजता पाहुणे जेवायला बसले आणि वारा टॉवरच्या भिंतीवरून सरळ खाली उतरला. नमदा फुगला, यर्ट वीतभर वर उचलला गेला, सणाच्या सुपाची वाडगी मोठ्या पाहुण्यांच्या मांडीत. थोरला ओरडला, वजन आणा, दोराला वजन बांधा! आगांनी मला विचारले, तुझं किती? मी अचूक सांगितले: एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम. तुझा हा एक आकडा तरी कामाचा निघाला, असे आगा म्हणाले.
दोर माझ्या कमरेला आवळला आहे. प्रत्येक झोतासरशी पाय जमिनीवरून सुटतात. बातिमा आपांनी येऊन तोंडात तळलेल्या पिठाचा गोळा, बाउरसाक, कोंबला आणि म्हणाल्या, खा पोरा, अजून थोडा जड हो.
आगांनी बजावले आहे की सण संपेपर्यंत हलायचे नाही, आणि त्यानंतर दिसायचे नाही.
पण यर्ट उभा आहे. अट तेवढीच होती. आगांना तशी स्पष्ट आठवण करून द्यायला हवी. ते बाहेर आहेत. त्यांच्यापर्यंत जायचे तर दोर सोडावा लागेल.