मे-माशी आणि माझा खोकला

१२ मे
माशी वर आली! सकाळी तळ्याकाठच्या झुडपांवर पाण्यातून निघालेल्या मे-माशा लगडल्या होत्या. आता त्या खायला ट्राउट मासे वर येणार; तीन आठवडे ना शेत, ना दुकान — सगळं गाव तळ्यात गळ टाकून. मॅलाकी गळाची काठी पुसतोय, मी वल्ही बघतेय. लग्नाला एकतीस वर्षं झाली, वाटणी तीच.

१४ मे
मॅलाकीच्या गळाला सात ट्राउट आले, सातही सुटले. मासा गळाची माशी घेऊन खाली वळेपर्यंत दम धरायचा, मगच काठी उचलायची — शेंबडं पोरही जाणतं. स्वारी म्हणते, "डिम्पना, तू होडी हलवतेस!" नाचता येईना, अंगण वाकडं.

१५ मे
गळाला मी बांधून दिलेली पिसांची खोटी माशी दोरीवरून कधीच तुटून गेली होती. हा रिकाम्या पाण्याकडे बघून म्हणतो, "कशी डौलात तरंगतेय!" मला आधी हसू आलं. मग उमगलं.
याला दिसत नाही. गेली दहा वर्षं सगळ्यांना सांगतोय, "माशी दिसेनाशी झाली, की त्याच दिवशी होडी विकेन." शब्दाला जागणारा माणूस! होडी गेली की हा खुर्चीत बसून झुरणार. आणि माझ्या चहाला नावं ठेवणार.

१६ मे
उपाय सापडला. मासा वळला की मी खोकते, हा काठी उचलतो. चार मासे!

१९ मे
पबमध्ये स्वारी शेजारच्या फिनबारला सांगत होती, "नजर हवी, ससाण्याची!"
फिनबार मला म्हणाला, "वहिनी, खोकल्याला औषध घ्या की."
झाकली मूठ सव्वा लाखाची.

२२ मे
खरीच सर्दी झाली! मी खोकले की याची काठी वर. मासा एक नाही आणि झटके नऊ! फिनबारच्या होडीतून हसणं ऐकू आलं. मॅलाकीने काठी खाली ठेवली. मला रडू आलं.

२३ मे
धक्क्यावर गेले, तर हा माझ्या जागेवर. वल्ही हातात.
"बस. वल्हवणारा पाठमोराच असतो, त्याला पुढचं दिसून काय करायचंय? कुठे न्यायची ते तू सांग."
"कधी कळलं तुला?"
"पहिल्याच खोकल्याला. खोटं खोकता येत नाही तुला."
"आणि होडी?"
"विकली. तुला. काठी धर."
पहिलाच मासा मी घाईने घालवला.
"होडी हलली," मी म्हटलं.