सगळ्या नवऱ्यांचं एकच घड्याळ

प्रिय दादा,

मनगटी घड्याळांवरचा लेख उद्या द्यायचा आहे. श्रीमंतांची साखळीची घड्याळं लिहून झाली. मनगटावर घड्याळ आधी युरोपातल्या बायकांनी दागिना म्हणून बांधलं, आणि लढाईत खिसा चाचपायला सवड नसलेल्या सैनिकांनी ते उचललं, तेही झालं. पुढे ‘फॅशन’ हा शब्द लिहिला आणि तू आठवलास. लेख राहिला बाजूला.

लढाई संपवून तू मनगटावर घड्याळ बांधून आपल्या गावी, कापड्यात आलास. आबांनी घड्याळ पाहिलेलं ते फक्त खोताच्या बंडीच्या खिशातलं. ते आईला म्हणाले, “बघ गो, पोरगा काकण भरून आला!” किती हसलो होतो आपण!

पण दोन वर्षांत गावातला प्रत्येक नवरा तुझ्या दारात. लग्नानंतर महाडला जोडीचा फोटो काढायचा, तर हातात घड्याळ हवंच! बाही वर सारून, हात छातीशी धरून. आज गावातल्या भिंतींवर माणसं वेगळी, घड्याळ तेच.

माझ्या वेळी तूच पट्टा आवळलास. “चावी अडली की थांब रे. जोर करायचा नाय.”

फोटोवाल्याकडे बसल्या बसल्या मी घाबरून चावी फिरवत राहिलो. कट् झालं. सव्वाअकरा वाजले होते.

संध्याकाळी मी काही न बोलता घड्याळ तुझ्या हातात ठेवलं. तू ते कानाला लावलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, “जेव जा. भूक लागली असंल.”

पुढचे नवरे कुरकुरायचे, “दादा, हे बंद हाय!”

“फोटोत काय चालणार हाय काय ते? लढाईतलं मशीन, दमलं बिचारं.”

सगळे हसायचे. तुझ्या शेजारी बसून मीही हसायचो!

महाडच्या बाजारात स्प्रिंग बदलून मिळाली असती. का नाही बदललीस? मी कधीतरी सांगेन म्हणून थांबला होतास का रे? एवढी वर्षं? एकदा रागावला असतास, तर मी सुटलो असतो.

तुझ्या तेराव्याला वहिनींनी ते माझ्या हातात दिलं. “भावजी, हे तुमच्याकडंच द्यायला सांगितलं होतं त्यांनी. का, ते नाय बोलले.” काटे अजून सव्वाअकरावरच आहेत.

तुझ्या सुरेशचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलंय. मुंबईच्या नोकरीवर त्याने स्वतःचं घड्याळ घेतलंय, तरी फोटोला त्याला तुझंच हवं आहे. मी नवी स्प्रिंग घालून आणीन. त्याच्या मनगटावर बांधण्याआधी, मांडवात सगळ्यांसमोर, ते कोणाच्या हातून मोडलं ते सांगेन. चावी मात्र त्यालाच देऊ देईन. अडली की थांब, एवढं सांगून.

तुझा,
बाळू