बर्फाखेरीज दुसरा धंदा

मी, वय एकोणऐंशी, धंदा बर्फाचा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीच्या. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समान.

दोन. कारखाना. जुन्या मृत्युपत्रात मी अट घातली होती : येथे बर्फाखेरीज दुसरा धंदा करू नये. ती अट मी काढून टाकतो. कारण सांगणे भाग आहे.

घरोघरी फ्रिज आले तेव्हा धाकटा भाऊ भागीदारी सोडून फ्रिज विकायला गेला. जाताना म्हणाला, "दादा, दोन वर्षांत कुलूप लागेल." लागले नाही, मासळीवाल्यांनी तारले. थोरला मुलगा अर्थशास्त्र शिकवतो. त्याने तक्ता काढून दाखवला, "बाबा, मासळीवर वीस वर्षं निर्धास्त राहा." तिसऱ्याच वर्षी बोटवाल्यांनी स्वतःची बर्फाची यंत्रे बसवली.

मग धाकट्या सुनेने मला न विचारता थंड खोली फुलवालीला भाड्याने दिली. मी भडकलो, "हा बर्फाचा कारखाना आहे!"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आपण थंडी विकतो. ती कशाला लागते, ते गिऱ्हाईक ठरवेल."

दीड महिना मी तिच्याशी बोललो नाही. तेवढ्यात फुलांमागून बियाणेवाले आले, त्यांच्यामागून औषधवाले. यातला एकही माझ्या किंवा थोरल्याच्या हिशेबात नव्हता. गेल्या वर्षी बर्फ बंद झाला. अकराही कामगार कामावर आहेत. पुढे तिथे काय चालेल ते मला ठाऊक नाही, कोणालाच नाही. म्हणून संपूर्ण कारखाना धाकट्या सुनेला, बिनशर्त.

तीन. थोरल्याला त्याचा तक्ता, फ्रेम करून. चेष्टा नव्हे. सुट्टीचे तीन दिवस घालवून त्याने तो माझ्या काळजीपोटी केला होता.

चार. भावाला मी चारचौघांत घरभेदी म्हणालो. एकोणीस वर्षे अबोला आहे. लोक निघाले तिकडे तोही निघाला, इतकेच. तो शब्द मी मागे घेतो आणि वडिलांचा पान्यांचा संच त्याला देतो.

हे कलम काल त्याच्याकडे पाठवले. आज सकाळी तो साक्षीची सही करायला हजर. वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही."

तो म्हणाला, "दादा, संच राहू दे. पेन दे."

संच आता त्याच्या मुलीला द्यावा.

ठिकाण : कारखान्याचे कार्यालय
दिनांक : सात मार्च

सही : बर्फवाले

साक्षीदार :
१. कारखान्याचा जुना फिटर
२. धाकटा भाऊ