हौसाचे घर आणि पाखरांचे यंत्र

मी, दिनानाथ नारायण घरत, राहणार जिते, तालुका पेण, जिल्हा रायगड, कंपनीतून निवृत्त, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी केलेली नाही, कुणी चहा पाजून सही घेतलेली नाही. कान गेले आहेत, हे मान्य. पण मृत्युपत्र करायला कान लागत नाहीत, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. जिते येथील राहते घर, मागची वाडी, तिच्यातला शेवगा आणि जांभूळ, हे सर्व माझ्या पश्चात माझी पत्नी हौसा हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. "हयातीपर्यंत राहण्याचा हक्क" असले लंगडे शब्द मी मुद्दाम वापरत नाही. मालकीचे म्हणजे मालकीचे. आमचा मुलगा हर्षद दर दिवाळीला विषय काढतो, "बाबा, तुमच्या मागं आई एकटी हितं काय करणार? घर विकू, तिला पनवेलला नेऊ." हर्षद वाईट नाही. आईवर त्याचा जीव आहे. पण तिथल्या त्याच्या फ्लॅटात, नवव्या मजल्यावर, काचा लावून, एसीच्या घरघरीत या बाईला बसवायचे म्हणजे तिच्या कानात बोळे कोंबण्यासारखे आहे. ते मी होऊ देणार नाही.

२. आता कारण लिहितो, म्हणजे म्हातारा चळला होता असे उद्या कुणी म्हणायला नको. मी रोह्याला कंपनीत कॉम्प्रेसरवर शिफ्ट करत आयुष्य काढले, त्याच्या आवाजाने कान गेले. टिटवी आणि भारद्वाज अजून ऐकू येतात. शिंजीर, वटवट्या, त्यांचे बारीक आवाज मात्र माझ्यापुरते संपले. हौसा सकाळी पडवीत तांदूळ निवडता निवडता सांगते, "शेवग्यावर शिंजीर बोलतो हाय. आता उडाला. ही त्याची बायको आली बघा." मान वर न करता सांगते! मी आपला शेवगा बघत बसतो. मिठागराच्या बांधावर वाढलेली ही बाई, पण असे कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

३. पाखरांचे आवाज मोठे करून ऐकायला घेतलेला माझा खिशात मावणारा रेकॉर्डर, हेडफोन, आणि सून किमया हिने आणलेला बाहेरून जोडायचा माइक, त्याच्या केसाळ टोपीसकट, हौसाला द्यावा. तिचा हक्कच आहे त्याच्यावर. ती हकिकत अशी.

आम्हा खाडीकडच्या लोकांना एक खोड आहे. नवी वस्तू घरात आली की आधी तिला प्लास्टिकची पिशवी. रिमोटला पिशवी, मिक्सरला पिशवी. खारी हवा काही टिकू देत नाही, काय करणार? मी रेकॉर्डरलाही पिशवी घातली, वर रबर लावले आणि माइकची पिन पिशवीतूनच भोकात दाबली. वाडीत जाऊन हेडफोन लावला, आवाज पार वर नेला, तर चर्र चर्र चर्र. मी ओरडलो, "गो हौसा, नवीन पाखरू सापडलं!" किमयाला फोनवरही ऐकवले. ती बिचारी म्हणाली, "बाबा, हे कुठल्याच पक्ष्यासारखं वाटत नाही."

मग भजनाला आणि हळदीला साउंड लावणारा आमच्या आळीतला प्रविण आला. दोन्ही कानांना हेडफोन लावून, भुवया चढवून म्हणाला, "काका, माइक डुप्लिकेट हाय. फेकून द्या." मी फेकणारच होतो. हौसाने हात पुसले, हेडफोन घेतला, डोळे मिटले.

"अहो, ह्यो पक्षी नाय. ही पिशवी बोलते."

तिने रबर काढले, पिशवी काढली, पिन टक वाजेपर्यंत आत ढकलली. मिक्सरची पिन अर्धी बसली की तोही असाच वागतो, म्हणाली. मध्ये प्लास्टिक आल्यामुळे बाहेरचा माइक जोडलाच गेला नव्हता. रेकॉर्डर पिशवीच्या आतून स्वतःच्या माइकने पिशवीच ऐकत होता. वा रे बाई! मग तिने हेडफोन माझ्या कानाला लावला. शिंजीर! किती वर्षांनी! मी वाडीत उभ्या उभ्या रडलो, अगदी हुंदके देऊन. ती हसायला लागली, "आधी ऐका तरी. रडा नंतर."

४. सूचना: रेकॉर्डरला कुणीही पिशवी घालू नये. काम झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. वारा असो नसो, माइकची टोपी काढू नये. पिन नीट बसली का, हे रेकॉर्डिंगच्या आधी हेडफोन लावून ऐकावे.

५. बँकेतील ठेव हौसाला. माझे पाने, पक्कड आणि बाकीची हत्यारे हर्षदला. नळाचा वायसर बदलायला प्लंबर बोलावतो, लाज नाही वाटत?

६. प्रविणला काहीही नाही. चांगला माइक फेकायला सांगितला, त्याची ही शिक्षा. काही मिळणार नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो, असे वकील म्हणाले.

७. वरील सर्व हौसाला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्हीच आधी जाणार हे कुनी ठरवलं? मी आधी गेले तर?" वकील माझ्याकडे बघू लागले. हे मी धरलेच नव्हते. म्हणून हे कलम वाढवत आहे.

हौसा माझ्याआधी गेली, तर घर हर्षदचे. त्याने ठेवावे, विकावे, मी एक शब्द बोलणार नाही. रेकॉर्डर आणि माइक किमयाला द्यावा, ती जीव लावून ऐकते. मला नको. हेडफोनमध्ये आवाज येईल, पण कोण बोलले, कुठल्या फांदीवर बसले, त्याची बायको आली का, हे मला कोण सांगणार?

मग मला पनवेलला न्यावे. नववा मजला चालेल. काचा बंद ठेवल्या तरी चालतील.

लिहिलेले सर्व माझे आहे, आणि वकिलांनी खोडायला सांगितलेलेही मी ठेवले आहे.

सही: दिनानाथ नारायण घरत

साक्षीदार:
१. प्रविण हरिश्चंद्र म्हात्रे, जिते
२. सुशील पांडुरंग ठाकूर, पेण

स्थळ: पेण
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५