नळीची शेगडी

मनाली,
४ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांस,
नेत्राचा सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. फोनवर मी घसा फोडून बोलते, तुम्ही पलीकडून नेटवर्कला नावं ठेवता, आणि आमच्या सगळ्या गिर्यारोहण प्रशिक्षण केंद्राला घरच्या बातम्या कळतात. त्यापेक्षा हे पत्र बरं.

आता कामाचं. जूनमध्ये मी आणि तुषार लाहौलमधल्या एका शिखरावर जाणार आहोत, सहा हजार मीटरच्या थोडं वर. बेस कॅम्पपर्यंत घोडी आहेत. पुढे पोर्टर नाही की स्वयंपाकी नाही, असेल ते आम्हा दोघांच्या पाठीवर. आणि बाबा, वर पाणी नसतं. बर्फ वितळवाल तेवढंच प्यायला, दोघांना दिवसाला सहा-सात लिटर तरी लागतं. म्हणून शेगडी तुम्ही निवडायची असं मी ठरवलंय. जव्हारच्या डेपोपासून दाभोशापर्यंत कुणाचीही शेगडी रुसली की तुमच्याकडे येते, मग लेकीने दुसऱ्या कुणाला का विचारावं?

प्रकार दोन. एक गॅसच्या कॅनवर थेट बसते, पंचाऐंशी ग्रॅम, मुठीत मावते. दुसरी तीन पायांची, जमिनीवर बसते, कॅन बाजूला आणि मध्ये नळी, अडीचशे ग्रॅम. तुषारचं मत अर्थात पहिलीला. तुमच्या भाच्याने वजन वाचवायला टूथब्रशची दांडी अर्धी कापली आहे आणि आता रोज दात घासताना बोटं तोंडात जातात. आत्याला सांगू नका, ती त्याला मोखाड्याहून निघूच द्यायची नाही.

औषधं वेळेवर घ्या. माया आहेच, ती वाढत राहो.
तुमची,
नेत्रा


जव्हार,
२४ मार्च २०२४

चि. नेत्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चाळीस वर्षं लोकांचे रॉकेलचे स्टोव्ह कानाशी फरफरत होते, आता कानांनी संप केला तर त्यांचं काय चुकलं?

तुषारने मोबाइलवरून दोन्ही शेगड्या मागवून दिल्या. जेट, वॉशर, नॉब सगळं उघडून पाहिलं. काम दोन्हींचं चोख आहे. प्रश्न थंडीचा. मार्च संपत आल्यावर जव्हारला थंडी कुठून आणायची? शेवटी चंदू कुल्फीवाल्याचं पिंप आणलं, बर्फाचा चुरा आणि खडेमीठ भरलं आणि कॅन त्यात गळ्यापर्यंत पुरला. थर्मामीटरने उणे सोळा दाखवलं. बघायला निम्मा बाजार जमला होता.

हलकी शेगडी आधी फुशारकीने पेटली. दहा मिनिटांत ज्योत खाली आली, वीस मिनिटांत समईएवढी झाली. कॅनमध्ये गॅस होता, पण थंडीने वर यायलाच तयार नाही. नळीच्या शेगडीचा कॅन मात्र उलटा ठेवता येतो. मग गॅस पातळच नळीत उतरतो, आणि नळी बर्नरच्या आचेतून फिरवलेली असल्यामुळे तिथे तापून जळतो. पाऊण तास चालली, ज्योत जागची हलली नाही. लक्षात ठेव, आधी कॅन उभा ठेवून पेटवायची, दोन मिनिटं नळी तापू द्यायची आणि मगच उलटा. घाई केलीस तर भडका उडेल.

वजनातला फरक तराजूवर घातला. दोन मध्यम कांदे. दोन कांद्यांसाठी पाण्याशी खेळ करायचा नाही, असं तुषारला माझ्या नावाने सांग. नळीचीच न्यायची. निवड माझी, जबाबदारीही माझी. हलकी त्याला परत केली आहे, त्याने ती पावसाळ्यात दाभोशाच्या कड्याखाली चहा करायला वापरावी.

तुझी आई असती तर तिने तुला जाऊच दिलं नसतं. मला ते जमत नाही. मला शेगडी तेवढी बघता येते.

सांभाळून राहा. जीव लागलेला असतो, विसरू नकोस.
तुझे,
बाबा


लाहौल,
३ जून २०२४

ती. बाबांस,
सा. न.

गाडीरस्ता इथे संपतो, म्हणून ही चिठ्ठी परतणाऱ्या ड्रायव्हरकडे देते आहे. काल तुमच्या शेगडीवर पहिला चहा केला. नळीला तुम्ही शिवलेलं कापडी वेष्टण बघून तुषार हसला, की मामांनी शेगडीला स्वेटर घातलाय. मला मात्र ते बघून घरची फार आठवण आली.

आता तीन आठवडे पत्र नाही. काळजी करू नका म्हटलं तरी कराल, म्हणून म्हणत नाही.

तुमच्या मायेतली,
नेत्रा


जव्हार,
११ ऑगस्ट २०२४

चि. तुषारास,
आशीर्वाद.

बोटांच्या जखमा भरत आल्याचं तुझ्या आईकडून, पुष्पाताईकडून कळलं, बरं वाटलं. नेत्राच्या दिवसकार्याला तू इस्पितळात होतास. पण मोखाड्याला येऊनही आता महिना झाला. जीपने कितीसं अंतर आहे? तरी तू आला नाहीस. मी रागावलेलो नाही. ज्याने ती शेगडी निवडली त्याचं तोंड तुला बघवत नसेल, हे मी समजू शकतो.

केंद्राने पाठवलेल्या अहवालात एक ओळ आहे. थंडीत शेगडी निकामी झाल्यामुळे वादळात पुरेसं पाणी करता आलं नाही. ही ओळ मी रोज वाचतो.

तसलीच शेगडी मी पुन्हा मागवली. रोज सकाळी पिंपात बर्फ आणि मीठ भरतो आणि ती पेटवतो. जुना वॉशर घालून पाहिला, जेटमध्ये मुद्दाम कचरा घातला, अर्धा रिकामा कॅन लावला. काल कॅन पार संपेपर्यंत समोर बसून राहिलो. ती विझत नाही रे. बर्फाचे पैसे घ्यायचंही चंदूने सोडून दिलं आहे.

दुरुस्तीचं काम मी बंद केलं. आश्रमशाळेची माणसं मोठ्या भट्टीचा बर्नर घेऊन आली होती, त्यांना परत पाठवलं. दुसऱ्याच्या चुलीला हात लावायची हिंमत होत नाही.

तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. वॉशर गोठला का? ते कापड मी नळीवर उगाच शिवलं, त्याने काही अडलं का? माझी चूक नेमकी कुठली तेवढं सांग. तुझ्याजवळ दुसरं काही मागत नाही.

मामाची आठवण असू दे.
दामोदर


मोखाडा,
२० ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
तुषारचा सा. न.

उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली, म्हणून अक्षर असं आहे. हे पत्र चारदा लिहून फाडलं.

मामा, तुमची शेगडी वर गेलीच नाही. ती बेस कॅम्पवर तांदळाच्या ड्रममध्ये होती.

सॅक भरताना मी नेत्राला म्हटलं की दोनच रात्रींचा प्रश्न आहे, हलकी घेऊ. तिने साफ नाही सांगितलं, की बाबांनी निवडली आहे ती न्यायची. पहाटे ती बूट घालत असताना मी तिच्या सॅकमधून ती काढली आणि माझी टाकली. वरच्या तंबूत सॅक उघडल्यावर तिला कळलं. आधी खूप चिडली. मग हसली आणि म्हणाली की हे बाबांना सांगू नकोस, ते मनाला लावून घेतील. या तिच्या शब्दांच्या आड मी दोन महिने लपलो.

दोन रात्रींच्या चार झाल्या. वादळात तंबूचं दार उघडता येत नव्हतं. ज्योत तुम्ही लिहिली होती तशीच खाली आली. कॅन आम्ही आळीपाळीने काखेत धरून ऊब देत होतो, की कपभर तरी पाणी व्हावं. मला उलट्या होत होत्या, म्हणून झालेलं पाणी ती मलाच पाजायची. आपण प्यायल्याचं सांगायची. मी ते खरं मानलं, कारण मला तहान होती.

वीस जूनला वारा पडला. उतरताना ती एका दगडापाशी बसली आणि उठली नाही. मी खूप हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी माणसं आली तेव्हा मी तिच्याजवळच होतो.

केंद्राने विचारलं तेव्हा शेगडी थंडीत चालली नाही एवढंच मी बोललो. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुम्ही रोज बर्फ भरून बसता हे कळल्यापासून मला जेवण जात नाही. तुमची काही चूक नव्हती, मामा. सगळी माझी होती. क्षमा मागायची लायकी नाही, तरी मागतो.

तुमचा लोभ मी गमावला, हे जाणून,
तुषार


जव्हार,
२७ ऑगस्ट २०२४

तुषारास,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुटलो असं वाटलं. लाज वाटते तरी लिहितो. दुकानाच्या पायरीवर बसून रडलो, आणि त्या रडण्यात पोरगी नव्हती, मीच होतो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझा इतका संताप आला की मोखाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसलो. जीप भरायच्या आत उतरलो. तिथे येऊन मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही.

क्षमा मागितली आहेस. माझ्याच्याने ती होत नाही. पुढे कधी होईल असंही लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाही. केंद्राला खरं काय ते तूच कळव. पुष्पाताईलाही तूच सांग, माझ्या तोंडून तिला हे ऐकायला लावू नकोस.

घरी येऊ नकोस. मला बघवणार नाही.

पण पत्र बंद करू नकोस. नेत्राचं तीन जूनपर्यंतचं सगळं माझ्याकडे आहे. त्यानंतरचे सतरा दिवस एकट्या तुझ्याकडे आहेत. वादळाचं नको, ते कळलं. त्याआधीचं लिही. ती काय जेवत होती, चालताना पुढे असायची की मागे, कशावरून हसली, कुणाला नावं ठेवली. क्षुल्लक म्हणून काही गाळू नकोस. स्वतःचं पाणी तिने तुला पाजलं, म्हणजे तू जगावंस असं तिला वाटत होतं. तिच्या मनाविरुद्ध मी कधी वागलो नाही, आताही वागणार नाही.

हात दुखत असेल तर रोज चारच ओळी लिही. चार जूनपासून सुरुवात कर.

आशीर्वाद आज लिहवत नाही. वाट पाहतो.
तुझा मामा,
दामोदर