दिवाकरच्या हाती दिलेलं पत्र

पंचवटी, नाशिक
ता. ११ जानेवारी १९३७

चि. सौ. इंदू हीस अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी पोचलं. आईचा खोकला उतरला आहे. थंडी मात्र हटत नाही. गोदेवरचा वारा थेट माजघरात येतो.

मालिनीवहिनीला काय झालं, बारशाचं बोलावणं का नाही, असं तू विचारलंस. मुलगा झाला. बापाच्या, आपल्या दिवाकरच्या वळणावर गेला आहे. कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवतो, तरी हातपाय गार लागतात. रडला तर ऐकायला वाकावं लागतं.

डॉक्टरीणबाई रोज येतात. नाडी बघून हात धुतात आणि निघतात. काल मी विचारलंच. म्हणाल्या, "आईच्या रक्ताचा दाब फार चढला होता. त्याचा त्रास बाळानं पोटातच सोसला. याच्या रक्ताला अजून जोर नाही. वाट बघायची."

इंदू, तू लिहिलंस की जोडवी बोटांत रुतली, साबण लावूनही निघेनात, आणि सासूबाई हसल्या. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे मात्र अगदी शेवटी, कोपऱ्यात. ते वाचलं आणि मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले.

मालिनीचंही असंच होतं. पाय सुजले तेव्हा ठमाबाई सुईण म्हणाली, "पाय भरले म्हंजी पोरगा हाय. लय चांगलं." आम्हालाही तेच ऐकायचं होतं. डोकं दुखलं की सुंठीचा लेप लावायचो. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "अक्का, मला सूप दिसत नाही." तिथेच आचके सुरू झाले. टांग्यातून दवाखान्यात नेली. बाळ झालं. ती शुद्धीवर आलीच नाही.

इंदू, मालिनी गेली.

तू दोन जिवांची, तुला कळवू नये, असं आई म्हणाली. म्हणून गप्प राहिले.

हे पत्र टपालात टाकलं नाही. ते आणणारा दिवाकर तुझ्यासमोर बसला असेल. त्याला काही विचारू नकोस. बाळाला त्यानं अजून हातात घेतलेलं नाही. पण तुझं पत्र वाचलं आणि न सांगता कोट चढवून उभा राहिला.

चहाला थांबू नका. सासूबाई नको म्हणाल्या तरी लासलगावाहून मिळेल त्या गाडीनं नीघ. डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं आहे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजतात, दुखत नाही.

वाचून घाबरशील. घाबर, पण नीघ.

दारात उभी असलेली,
तुझी अक्का